सूरच्या गलबतांत खजूर होता, आणि माणसंही

अरबस्तानची भूमी पूर्वेला जिथे समुद्रात सगळ्यांत पुढे शिरली आहे, त्या रास अल-हद्दच्या टोकाच्या थोडं अलीकडे ओमानचं सूर हे गाव आहे. मस्कतहून किनाऱ्याच्या रस्त्याने दोनेकशे किलोमीटर. वाटेत एका अंगाला उघडेबोडके करडे डोंगर, आणि दुसऱ्या अंगाला इतका निळा समुद्र की आपला कोकणचा गाळाचा, गढूळ समुद्र आठवून मला थोडं परकंच वाटायला लागलं. माझी मावसबहीण वीस वर्षं मस्कतला आहे. ‘तू इतिहास शिकवतेस ना, मग आधी सूर बघ, बाकीचं नंतर,’ असं म्हणून तिने गाडी काढली. ते तिने बरोबरच केलं.

गाव खाडीच्या तोंडाशी आहे. अलीकडे सूर, पलीकडे अल-अयजा, मध्ये झुलता पूल. अयजाच्या टोकाला दीपगृह, टेकड्यांवर टेहळणीचे बुरूज. ओहोटीला मचवे कुशीवर कलंडून चिखलात पडलेले असतात, ते दृश्य मी हर्णैला आणि वर्सोव्याला इतक्यांदा पाहिलं आहे की तिथे परकेपणा गळून पडला. गलबतं बांधायचा कारखाना खाडीच्या काठावरच आहे. आत गेल्याबरोबर ताज्या कापलेल्या लाकडाचा वास. एक अर्धवट सांगाडा उभा होता. आपण समजतो तसं आधी आतल्या वाकांची, म्हणजे फासळ्यांसारख्या वाकड्या लाकडांची, चौकट आणि मग फळ्या, असं इथे नसतं. जुन्या रीतीत आधी बाहेरच्या फळ्या एकमेकींना जोडून कवच उभं करतात आणि मग त्याच्या आत वाक बसवतात. कागदावरचा आराखडा नाही. नजर, दोरी आणि वर्षानुवर्षांचा हात. काम करणारे दोघे सुतार केरळचे निघाले, आणि लाकूडही एके काळी तिथूनच यायचं. अरबस्तानात गलबताजोगं झाड नाही. मलबारचा साग नसता तर सूरची गलबतं नसती.

नाखवा, सुकाणू, खलाशी, मोसम हे शब्द आपल्या कोळीवाड्यात इतके घरचे झालेत की ते अरबी-फारसीतून समुद्रावरून आले हे कुणाच्या ध्यानीही येत नाही. सूरला नाखव्याला ‘नोखदा’ म्हणतात. ‘सुक्कान’ म्हणजे सुकाणू. मी आणि तो सुतार खाणाखुणांनी बोलत होतो आणि अधूनमधून एखादा शब्द दोघांचाही निघत होता. प्रवासात यापेक्षा जास्त आनंद मला फार कमी वेळा झाला आहे.

गावाचा मानाचा दागिना म्हणजे ‘फतह अल-खैर’. १९५१ साली इथेच बांधलेलं, ‘घंजा’ जातीचं गलबत, आपल्या किनाऱ्यावरच्या कोटियाचं भावंड. नक्षीदार मागचा भाग, पुढे उंच गेलेली नाळ. शिडाच्या जहाजांचे दिवस संपले तेव्हा ते विकलं गेलं आणि येमेनला गेलं. पुढे सूरच्या लोकांनी ते शोधून काढलं, वर्गणी गोळा केली आणि १९९३ साली घरी परत आणलं. एखाद्या गावाने वर्गणी काढून आपलं जहाज परत आणावं, ही गोष्ट ऐकून माझे डोळे भरून आले होते. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे मी जे लिहिणार आहे ते सूरबद्दलच्या आकसातून लिहिलेलं नाही.

आमच्याबरोबर एक वाटाड्या होता, तरुण, गोड बोलणारा, गावाचा अभिमान असलेला. त्याने मालाची यादी सांगितली. बसऱ्याचा आणि ओमानचा खजूर, खारवलेले मासे, सुकी लिंबं दक्षिणेकडे जायची. आफ्रिकेहून लवंग आणि खाजणातल्या झाडांचे सरळसोट वासे यायचे, ज्यांच्यावर आखाती देशांतल्या जुन्या घरांची छपरं तोललेली असायची. हिंदुस्थानातून तांदूळ, कापड, साग, काथ्या. ईशान्येचा वारा सुटला की आफ्रिकेकडे, नैर्ऋत्येचा सुटला की परत. यादी संपल्यावर मी विचारलं, ‘आणि माणसं?’

तो क्षणभर थांबला. ‘ते इंग्रजांनी बंद केलं,’ म्हणाला, आणि रास अल-जिन्झला रात्री कासवं बघायला कधी निघायचं त्याची चर्चा सुरू झाली.

मला त्याचा राग नाही. तो बिचारा पर्यटकांना जे हवं असतं ते देत होता. राग असलाच तर आपल्यावर आहे, कारण सूरला जाऊन आलेल्या मराठी मंडळींची जेवढी प्रवासवर्णनं मी वाचली आहेत, त्यांत कुणीही हा प्रश्न विचारलेला मला आढळला नाही. सगळीकडे कासवं, सागाचा वास, सूर्यास्त आणि ‘आपल्या पूर्वजांचे अरबस्तानाशी असलेले प्राचीन संबंध’. संबंध होतेच. ते काय होते, हे पूर्ण सांगायचं की निवडून सांगायचं, हा माझ्या लेखाचा प्रश्न आहे. माझं उत्तर असं की दर्यावर्दी गावाला वारसा म्हणून पाहायला जायचं तर त्याच्या गलबतांच्या पोटात जे जे होतं ते सगळं पाहायला हवं. आणि पाहुण्यांनी, त्यातही आपण, ते आधी विचारायला हवं, कारण त्या हिशेबाच्या वहीत आपलीही पानं आहेत.

आधी सूरचं पान. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ओमान आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळचं झांझिबार बेट ही एकाच राज्याची दोन अंगं होती. सय्यद सईद बिन सुलतान याने आपली राजधानीच झांझिबारला हलवली. तिथल्या लवंगांच्या बागा गुलामांच्या श्रमावर उभ्या होत्या, आणि गुलामांचा एक प्रवाह बागांकडे जात असतानाच दुसरा उत्तरेकडे, अरबस्तान आणि आखाताकडे वाहत होता. नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर उत्तरेला निघालेल्या गलबताला रास अल-हद्द ओलांडल्यावर लागणारं पहिलं मोठं बंदर म्हणजे सूर. सूरचे नाखवे या वाटेचे सगळ्यांत जाणते. साहजिकच या व्यापारातही ते आघाडीवर होते, आणि इंग्रज आरमाराच्या नजरेत सूर हे गुलामांच्या व्यापाराचं ठाणं म्हणून कायम खुपत राहिलं. १८२२, १८४५ आणि १८७३ असे एकामागून एक करार झाले. शेवटच्या करारासाठी वाटाघाटी करणारा माणूस आपल्याला नावाने माहीत आहे: बार्टल फ्रिअर, जो त्याआधी मुंबईचा गव्हर्नर होता. जून १८७३ मध्ये झांझिबारचा गुलामबाजार बंद झाला.

पण गलबतं थांबली नाहीत. इंग्रजांची झडती टाळायला सूरच्या अनेक मालकांनी फ्रान्सचं निशाण मिळवलं आणि डोलकाठीवर चढवलं. फ्रेंच निशाणाखालच्या जहाजाला इंग्रज हात लावू शकत नव्हते. हे प्रकरण इतकं चिघळलं की इंग्लंड आणि फ्रान्स हेगच्या लवाद न्यायालयात गेले, आणि ऑगस्ट १९०५ मध्ये निकाल लागला: २ जानेवारी १८९२ नंतर फ्रान्सला असं निशाण फक्त आपल्या खऱ्या आश्रितांनाच देता येईल, आणि आधी मिळालेलं निशाण मालकाला दुसऱ्याकडे सोपवता येणार नाही. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या वर्गात ‘मस्कत डाऊज’ नावाने हा खटला आजही शिकवतात. एका छोट्या खाडीवरच्या गावाच्या गलबतांवरून दोन साम्राज्यं हेगमध्ये भांडली, ही गोष्ट कुठल्याही वाटाड्याने छातीवर हात ठेवून सांगावी इतकी रंगतदार आहे. ती सांगायची तर मधला ‘गुलाम’ हा शब्द उच्चारावा लागतो, एवढीच अडचण.

यावर जे आक्षेप येतात ते मी गेल्या वर्षभरात घरी, शिक्षकांच्या खोलीत, लग्नात जेवणाच्या पंगतीत ऐकले आहेत. त्यातले काही वजनदार आहेत.

सगळ्यांत वजनदार असा: गुलामगिरी बंद करणं ही इंग्रजांची सबब होती, हेतू समुद्र ताब्यात घेण्याचा. यात पुष्कळ तथ्य आहे. पकडलेल्या गलबतामागे आरमाराच्या अधिकाऱ्यांना बक्षिसाची रक्कम मिळायची, त्यामुळे निरपराध व्यापाऱ्यांची गलबतंही गुलामवाहू ठरवून जाळली गेली. सूरकरांनी फ्रेंच निशाण चढवलं त्यामागे हा जाचही होता, हे मान्य करायला हवं. ज्या इंग्लंडने अटलांटिकवर कित्येक पिढ्या हाच धंदा केला, त्याने अरबांना नीती शिकवावी हेही खुपणारंच. सगळं मान्य. पण पोलीस लाचखोर होता म्हणून चोरी झालीच नाही असं होत नाही. गलबताच्या तळाशी वासे आणि शहाळ्यांच्या मध्ये गुडघे छातीशी घेऊन बसलेल्या मुलीला, वर डेकवर कोण कोणाला का अडवत आहे याने काय फरक पडत होता? तिच्या बाजूने उभं राहिलं की हा वाद मला अगदी लहान दिसायला लागतो.

दुसरा आक्षेप असा की आपल्याकडची, म्हणजे हिंदी महासागराकडची गुलामगिरी अमेरिकेसारखी नव्हती. इथे गुलाम वजीर व्हायचा. आणि मग लगेच मलिक अंबरचं नाव येतं. इथिओपियात जन्मलेला, हातोहात विकला जाऊन दख्खनला पोहोचलेला, निजामशाहीचा वजीर, खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवणारा, तिथे नहर आणणारा, मोगलांना जेरीस आणणारा. १६२६ साली तो वारला तोपर्यंत शहाजीराजांसारखे सरदार त्याच्या हाताखाली लढले होते. मलिक अंबर मला फार प्रिय आहे, मी त्याच्यावर दर वर्षी एक तास जास्तीचा घेते. पण त्याचं नाव घेऊन आपण बाकीच्यांना गप्प करतो हे मला सहन होत नाही. एक अंबर वजीर झाला. त्याच्याबरोबर विकल्या गेलेल्या बायका-मुलांचं काय झालं, हे विचारलं की सगळे दुसऱ्या विषयाकडे वळतात. शिवाय अंबरचं मोठेपण त्याला विकणाऱ्यांच्या खात्यावर कसं जमा होतं, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

तिसरा आक्षेप सभ्यतेचा आहे: पाहुणा म्हणून जायचं आणि यजमानाच्या घरातली अडगळ उकरायची, हे बरं दिसतं का? ओमानमध्ये तर लाखो भारतीय पोट भरतात. हा आक्षेप माझ्या बहिणीचाच आहे, आणि तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. पण हा समज एका गोष्टीवर उभा आहे: ही अडगळ फक्त त्यांची आहे, अशा समजुतीवर. ती तशी नाही. म्हणून आता आपलं पान.

झांझिबारचा जकातीचा मक्ता एकोणिसाव्या शतकात कित्येक वर्षं कच्छी व्यापाऱ्यांकडे, जयराम शिवजी यांच्या पेढीकडे होता. आफ्रिकेच्या आतल्या मुलखात जाणाऱ्या काफिल्यांना उधारीवर माल देणारे सावकार बहुतेक हिंदी होते. ते काफिले हस्तिदंत आणि माणसं दोन्ही घेऊन परत यायचे, आणि पुष्कळदा हस्तिदंत माणसांच्या खांद्यावरून यायचं. तो हस्तिदंत मुंबईत उतरायचा आणि त्याच्या बांगड्या आपल्याकडच्या नववधूंच्या हातांत चढायच्या. १८६० च्या सुमारास झांझिबारच्या इंग्रज वकिलाने, रिग्बी नावाच्या, इंग्रजांच्या हिंदी प्रजेने बाळगलेले गुलाम सोडवले, तेव्हा हिंदी घराघरांत गुलाम निघाले. गोव्यात मोझांबिकहून आलेले आफ्रिकी गुलाम पोर्तुगिजांच्या घरांत होते. आणि देशावर? पेशवाईच्या कागदपत्रांत कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम बायकांच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत, किमतीसकट. त्या कुणबिणी समुद्रापलीकडून आलेल्या नव्हत्या, आपल्याच मुलखातल्या होत्या. आपण सूरकडे बोट दाखवायला निघालो तर तीन बोटं आपल्याकडे वळतात, आणि माझ्या मते त्यामुळेच बोलायचा हक्क मिळतो. ज्याच्या घरी तेच आहे तो शेजाऱ्याशी बरोबरीने बोलू शकतो, वरून उपदेश करत नाही.

या पानाची एक मराठी ओळ अशी आहे की ती मला पन्नाशी उलटल्यावर कळली, आणि तेव्हापासून मला स्वस्थता नाही.

मी नाशिकची. शाळेत जाताना रोज शरणपूर रोडने जायचे. दुकानं, बँका, कोपऱ्यावरची चहाची टपरी. शरणपूर हे नाव का, हे कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. शरणपूर म्हणजे शरण आलेल्यांचं, आसऱ्याला आलेल्यांचं गाव. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने इथे ख्रिस्ती वस्ती वसवली. इंग्रज आरमाराने अरबी समुद्रात अडवलेल्या गलबतांतून सुटलेले आफ्रिकी लोक मुंबईला उतरवले जायचे. मोठी मुलं जहाजांवर खलाशी, आगवाले व्हायची, बऱ्याच जणांना पोलीस कुठल्याशा घरी नोकर म्हणून ठेवायचे, आणि लहान मुलांतली काही नाशिकला शरणपूरच्या आफ्रिकी आश्रमात पाठवली जायची. तिथे ती सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं शिकली. गोदावरीच्या काठी, आपल्या नाशकात.

त्यांतले जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन आणि आणखी काही जण १८७२ साली आफ्रिकेत गेले, आफ्रिकेचा मुलूख धुंडाळणाऱ्या डेव्हिड लिव्हिंग्स्टन या स्कॉटिश मिशनऱ्याला मदत घेऊन निघालेल्या तुकडीबरोबर. १ मे १८७३ रोजी चितांबोच्या गावात लिव्हिंग्स्टन वारला. त्याच्या माणसांनी ठरवलं की देह त्याच्या देशी पोचवायचा. हृदय तिथेच एका झाडाखाली पुरलं, दफनाची प्रार्थना वाचली ती नाशिकला शिकलेल्या जेकबने, आणि झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख कोरली तीही त्यानेच. मग तो सुकवलेला देह खांद्यावर घेऊन हे लोक कित्येक महिने चालत समुद्राला, बागामोयोला पोहोचले. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंग्स्टनचं दफन झालं तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्या मानकऱ्यांत जेकब वेनराइट होता. थोड्याच काळात शरणपूरचे आणखी बरेच आफ्रिकी परत पाठवले गेले आणि मोंबासाजवळ त्यांची वस्ती झाली, फ्रिअर टाऊन, त्याच बार्टल फ्रिअरच्या नावाची. पूर्व आफ्रिकेत त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत.

जगाच्या इतिहासातल्या एका गाजलेल्या अंत्ययात्रेची पहिली पावलं नाशिकमध्ये शिकली. आणि मी त्याच रस्त्यावर दहा वर्षं चणे-फुटाणे खात चालले. मला ती गोष्ट कळली असती तर आफ्रिका माझ्यासाठी भूगोलाच्या पुस्तकातला हिरवा-पिवळा तुकडा राहिली नसती.

तर सूरला गेलेल्या मराठी माणसाने ‘आणि माणसं?’ असं विचारणं म्हणजे यजमानाची अडगळ उकरणं नाही. ती माणसं आपल्याकडे उतरली होती. आपल्या बंदरात, आपल्या शहरात. त्यांची चौकशी करणं हे आपलं काम आहे.

या क्षेत्रात कुणीच पाऊल टाकलेलं नाही असंही नाही. झांझिबारला गुलामबाजाराच्या जागी चर्च आहे आणि त्याच्या आवारात खड्ड्यात उभ्या केलेल्या, साखळीने जखडलेल्या माणसांच्या पुतळ्यांचं स्मारक. लिव्हरपूलने २००७ साली आपल्या गोदीत गुलामगिरीचं संग्रहालय उघडलं. आणि आखातातच, कतारच्या दोह्यात, २०१५ पासून बिन जलमूद हाऊस हे संग्रहालय आहे, ते एका गुलाम-व्यापाऱ्याच्याच घरात. म्हणजे अरब देशांना हा विषय झेपणार नाही ही आपली भीती दोह्याने आधीच खोटी ठरवली आहे. ओमानमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली १९७० साली, सुलतान काबूस गादीवर आल्यावर. आज साठीच्या पुढे असलेल्या सूरकरांना तो काळ आठवणारे आई-वडील होते. इतक्या जवळची गोष्ट आहे ही.

आपल्याकडे मात्र गेल्या काही वर्षांत समुद्राचा वारसा म्हटलं की फक्त पराक्रम आणि व्यापार. गोव्यात अजिंठ्याच्या चित्रावरून बेतलेलं, खिळ्याविना काथ्याने शिवलेलं ‘कौंडिण्य’ जहाज बांधलं गेलं, आणि डिसेंबर २०२५ च्या अखेरीस ते आरमाराच्या खलाशांनी पोरबंदरहून मस्कतच्या दिशेने हाकारलं. त्या बातम्या मी मुलांना वर्गात वाचून दाखवल्या. माझा ऊर भरून आला. याच धर्तीवर १९८० साली सूरमध्ये ‘सोहार’ नावाचं जहाज शिवलं गेलं होतं. लाकूड मलबारचं, शिवणारे लक्षद्वीपचे, आणि ते पार चीनमधल्या कँटनपर्यंत गेलं. हे सगळं अभिमानाने सांगावंच. मी एवढंच म्हणते की ज्या काथ्याने फळ्या शिवल्या त्याच काथ्याने मनगटंही बांधली गेली, आणि हा अर्धा भाग सांगितला म्हणून जहाज बुडत नाही.

मला काय हवं आहे, ते स्पष्ट सांगते. सहल नेणाऱ्या मराठी संस्थांनी सूर आणि झांझिबारच्या माहितीपत्रकात या इतिहासाला दोन परिच्छेद द्यावेत. कासवांना चार असले तरी चालतील. सातवी-आठवीच्या इतिहासात मलिक अंबरच्या शेजारी जेकब वेनराइट यावा. मुंबईच्या बंदराचा इतिहास सांगताना गोदी, कापूस, अफूबरोबर सुटून आलेल्या आफ्रिकी खलाशांचीही नोंद असावी. आणि शरणपूर रोडवर एक पाटी.

‘कशाला जुन्या जखमा’ असं जे म्हणतात त्यांना मी एक प्रसंग सांगते. त्या संध्याकाळी आम्ही अयजाच्या बाजूला दीपगृहाखाली बसलो होतो. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले, आम्ही हिंदुस्थानी आहोत हे कळल्यावर मोडक्या हिंदीत बोलायला लागले. तरुणपणी गलबतावर होते, मुंबईला तीनदा आलेले. भेंडीबाजार आठवत होता, पावसाळा आठवत होता. मुंबईचा पाऊस पाहून घाबरलो होतो, म्हणाले. बहिणीने डोळ्यांनी दटावलं तरी मी त्यांना विचारलंच, की या गलबतांतून पूर्वी माणसंही आणत, त्याबद्दल इथे बोलतात का. ते रागावले नाहीत. समुद्राकडे बघत बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘मेरी दादी की माँ उधर की थी.’ उधर म्हणताना त्यांनी काठी दक्षिणेकडे केली. तिचं कुठलं गाव, कुणालाच माहीत नाही. एक स्वाहिली अंगाईगीत मात्र घरात राहिलं आहे, ते त्यांनी नातवंडांनाही म्हणून दाखवलं. आम्हालाही गुणगुणून दाखवलं. ‘कोई पूछता नहीं,’ एवढंच म्हणाले, आणि त्यात तक्रार होती ती आमच्या प्रश्नाबद्दल नव्हती.

परतीच्या वाटेवर बहीण बराच वेळ गप्प होती. कल्हातच्या उजाड टेकडीवरचा बीबी मरियमचा मोडका घुमट मागे पडला तेव्हा म्हणाली, ‘पाटीवर काय लिहायचं म्हणतेस?’

मी तेव्हापासून तो मजकूर लिहिते आहे. नाशिकच्या महापालिकेला अर्ज द्यायचा तर मजकूर हातात हवा. शरणपूर कधी वसलं, कोण आलं, कुठल्या समुद्रातून आलं, कुठे गेलं, हे चार ओळींत बसतं. जेकब वेनराइटचं नाव असणार, मॅथ्यू वेलिंग्टनचं असणार. पण ही नावं त्यांना नंतर दिलेली आहेत, आश्रमातली. मॅथ्यू म्हातारा होऊन १९३५ साली मोंबासाला वारला. त्याच्या आईने ठेवलेलं नाव चेंगविंबे असं होतं. पाटीवर ते आधी लिहायचं आहे, देवनागरीत, मोठ्या अक्षरात, शाळेतल्या मुलांना चालता चालता वाचता येईल असं.